आधी ओळखा, मग सोडा: पुण्याच्या नद्यांतले देशी मासे आणि फ्लाय फिशिंग

पानशेतच्या बॅकवॉटरला मागच्या डिसेंबरात माझ्याबरोबर एक नवा मुलगा आला होता. अडीच-तीन तास काठी फिरवून खांदा भरून आल्यावर त्याला पहिला मासा लागला. व्हिडिओ बघून बघून त्याची तयारी पक्की झाली होती. त्याने आधी हात भिजवले, मासा पाण्याबाहेर काढलाच नाही, चिमट्याने गळ हलकेच सोडवला, दोन्ही तळव्यांत धरून माशाला दम खाऊ दिला आणि मग हात उघडले. शेपटीचा एक फटका मारून मासा खोल गेला. मुलाचा चेहरा इतका उजळला होता की मला लगेच बोलवेना. त्याने सोडलेला मासा चिलापी होता.

चिलापी म्हणजे तिलापिया. मूळची आफ्रिकेची, १९५२ मध्ये भारतात आणलेली. आज उजनी धरणाकाठच्या बाजारात उतरणाऱ्या टोपल्या बघा, बहुतेक तिनेच भरलेल्या असतात. फ्लाय फिशिंग म्हणजे गळावर बांधलेली खोटी माशी काठी-दोराने फेकून मासा पकडणं. ‘पकडा आणि सोडा’ हा त्याचा नियम मी स्वतः वर्षानुवर्षं पाळतो आणि तो चांगलाच आहे. पण सोडायचा तो देशी मासा, परका नाही; आणि आपल्या नदीतला मासा आपल्याला ओळखता येतो, हे तो नियम गृहीत धरतो. पुण्यात नेमकी तिथेच गाडी अडते. म्हणून काठी, दोर, माशी यांच्याआधी मासे.

आपला मासा कोणता

कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी १८२० च्या दशकात दख्खनची पाहणी करत फिरत होता. त्याने इथल्या माशांचं शास्त्रीय वर्णन १८३९ मध्ये प्रसिद्ध केलं आणि एक फार चांगली गोष्ट केली: बऱ्याच माशांना त्याने कोळ्यांच्या तोंडची नावंच दिली. आपला महाशीर जगभर ‘टॉर खुद्री’ म्हणून ओळखला जातो, त्यातला ‘खुद्री’ हा शब्द इथल्या बोलीतला. शिंगाळा, मळ्या यांची शास्त्रीय नावंही तशीच झाली. पुढे १९४२ मध्ये फ्रेझर आणि १९४४ मध्ये सूटर यांनी पुण्याच्या माशांच्या याद्या केल्या. त्या याद्यांतले काही मासे नंतरच्या अभ्यासकांना शोधूनही सापडले नाहीत. बंडगार्डनच्या पुलावर उभं राहून खालचं मुळा-मुठेचं सांडपाणी बघितलं की त्याचं कारण विचारावं लागत नाही.

पुण्याचं नाव अंगावर वागवणारा एक मासा आहे. त्याचं शास्त्रीय नाव ‘ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिस’, आणि होरा या शास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये त्याचं वर्णन केलं. बोटभर लांबीचा, मिश्यांचा, मातकट रंगाचा. छातीवर त्याला कातडीच्या बारीक चुण्या असतात. वाहत्या धारेतला एखादा गोटा उचलला तर कधीकधी हा त्याच्या पोटाला चिकटून वर येतो. एकदा माझ्या ओल्या तळव्यावर तो चिकटला होता. हात उभा केला तरी पडला नाही, आणि त्या चुण्यांची पकड कातडीला जाणवत होती, मांजराने जीभ टेकवावी तशी. गोटा होता तसाच परत ठेवला, मासा ठेवला, आणि तेव्हापासून गोटे उचलणं सोडलं. गोट्याखाली अंडी असू शकतात. तुम्हीही उचलू नका.

परका म्हणजे फक्त परदेशी, असं धरू नका. रोहू, कटला, मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातले मासे. धरणांत मच्छीमार संस्था त्यांची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडतात आणि कित्येक घरांची चूल त्यावर चालते, त्यामुळे धरणातल्या कटल्याविरुद्ध मी ब्र काढणार नाही. पण धरणाच्या वरच्या ओढ्यात त्यांना कुणी नेऊन सोडू नये.

या बाबतीत आपल्याच महाशीरची गोष्ट डोळे उघडणारी आहे. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकात टॉर खुद्रीचं कृत्रिम प्रजनन साधलं गेलं. मोठं यश होतं ते, आणि महाशीर वाचवायचा म्हणून तिथली पिल्लं देशभर गेली. त्यातली काही कावेरीत सोडली. कावेरीत तिचा स्वतःचा एक महाशीर होता, पाठीला उंचवटा असलेला, आकाराने प्रचंड. आपला खुद्री तिथे फोफावला आणि तो मूळचा महाशीर मागे हटत गेला. २०१८ मध्ये त्या माशाची ओळख ‘टॉर रेमादेवी’ अशी पक्की झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. सोडणाऱ्यांच्या मनात काहीही वाईट नव्हतं. मुळा-मुठेत जो आपला, तो कावेरीत परका. नदीत मासे सोडायला निघालेल्या प्रत्येकाला मी हीच गोष्ट सांगतो.

हातातला मासा ओळखायचा कसा

पुस्तकी यादी पाठ करत बसू नका. पाठीवरचा पर (फिन), मिश्या आणि खवले, एवढं नीट बघायची सवय लावली तर दहातले आठ मासे ओळखता येतात.

चिलापीच्या पाठीवरचा पर डोक्यामागून सुरू होतो तो जवळजवळ शेपटीपर्यंत सलग जातो. पुढचा भाग काट्यांचा, मागचा मऊ. मिश्या अजिबात नाहीत. अंगावरून जाणारी कडेची रेषा मध्येच तुटते आणि खाली पुन्हा सुरू होते. आपल्या बहुतेक देशी खवलेवाल्या माशांचा पर पाठीच्या मधोमध, आखूड आणि तिकोनी असतो. एवढ्या एका खुणेवरही बहुतेकदा चिलापी वेगळी काढता येते.

महाशीर आणि सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, यांत नवे लोक फार गोंधळतात. दोघांना मिश्यांच्या दोन जोड्या, दोघे सोनेरी झाकेचे, दोघे जाड ओठांचे. फरक बघा. सायप्रिनसचा पाठीचा पर लांबलचक असतो, महाशीरचा आखूड. महाशीरचे खवले एवढे मोठे की कडेच्या रेषेवर ते २५ ते २७ भरतात. सायप्रिनसचे त्याच रेषेवर ३५ च्या आसपास. मासा पाण्यातच ठेवून फोटो काढा आणि खवले नंतर घरी मोजा. सायप्रिनस तळ उकरून पाणी गढूळ करतो आणि तळात घातलेली अंडीही त्याच उकराउकरीत जातात.

मांगूर ओळखणं सर्वांत जिकिरीचं. आपला देशी मांगूर हातभर झाला तर खूप. बाजारात ‘थाई मांगूर’ म्हणून येतो तो खरा आफ्रिकी, आणि तो मीटरभराच्याही वर जातो. डोकं चपटं, रुंद, अंगावर बरेचदा संगमरवरासारखे डाग. केंद्र सरकारने २००० मध्येच त्याच्या पालनावर बंदी घातली, तरी चोरून पाळणारे आहेत, आणि पुरात तळी फुटली की तो थेट नदीत उतरतो. हवा थेट घेऊन श्वास करू शकतो, म्हणून जिथे दुसरा मासा गुदमरून मरेल तिथे हा तग धरतो आणि समोर येईल ते खातो. मोठा मांगूर लागला आणि खात्री होत नसेल तर डोकं वरून, अंग कडेने आणि पोट खालून, असे तीन फोटो घ्या आणि जाणत्याला दाखवा. तोवर त्याला ओल्या गोणपाटात सावलीत ठेवलं तरी तो मरत नाही, एवढी मुभा हा मासा देतो.

सकर मासा तर हाताला लागताच कळतो. अंग खवल्यांचं नसून हाडाच्या पट्ट्यांचं, खरखरीत, चिलखत घातल्यासारखं. तोंड खाली, चकतीसारखं. पाठीवर शिडासारखा पर. टाकीची काच साफ करायला म्हणून घरी आणतात, फूटभर झाला की नदीत टाकतात. उजनीत तो जाळ्यात येऊ लागलाय, आणि काट्यांत गुंतून जाळी फाटतात ते नुकसान निराळंच. काठाच्या मातीत तो बिळं करतो. इथे एक कळकळीची विनंती: खाली तोंड दिसलं की सकर समजून मारू नका. आपला मळ्याही तळाला चिकटतो, त्याच्या हनुवटीखालीही चकती असते. पण मळ्या बोटभर, मऊ अंगाचा, साध्या खवल्यांचा. चिलखत असेल तरच सकर.

रूपचंद म्हणून विकला जाणारा लाल पोटाचा, थाळीसारखा गोल मासा दक्षिण अमेरिकेचा. त्याचे दात माणसाच्या दाढांसारखे दिसतात, तोंड उघडलं की शंका राहत नाही. गप्पी आणि गंबुसिया हे डास मारायला म्हणून आणलेले, अंडी न घालता थेट पिल्लं देणारे. टेकड्यांवरून उतरणाऱ्या ओढ्यांत आज गप्पीच गप्पी दिसतात.

कुठे, कधी आणि कुणाला विचारून

शहरातल्या मुळा-मुठेत काठी टाकू नका. तिथलं पाणी सांडपाण्याचं आहे, मासा खाण्यासारखा नाही आणि तुमच्या पायाची एखादी जखमही चिघळेल. वरच्या अंगाला जा: टेमघरच्या वरची मुठा, वरसगावला मिळणारी मोसे, पानशेतला मिळणारी आंबी, पवना, गुंजवणी, नीरा. नेमक्या जागा मी मुद्दामच सांगत नाही. चांगला डोह जाहीर झाला की वर्षभरात त्याचं काय होतं ते मी पाहिलंय.

धरणातला मासा बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेच्या ठेक्याचा असतो. गावात पोहोचलात की आधी संस्थेचं माणूस गाठा, काय करणार ते सांगा, परवानगी घ्या, पास असेल तर पैसे भरा. आपण हौसेला जातो, त्यांचं पोट त्यावर आहे. शिवाय त्या पाण्यात काय नवं आलंय हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. धरणाच्या भिंतीजवळ आणि संरक्षण खात्याच्या हद्दीत जायचंच नाही. धरणाखालच्या पात्रात उभे असाल तर भोंगा ऐकू आल्याबरोबर बाहेर या. विसर्ग सोडला की पाणी गुडघ्यावरून कमरेला यायला वेळ लागत नाही.

देहूसारख्या ठिकाणी डोहातले मासे देवाचे म्हणून पिढ्यान्‌पिढ्या राखले गेले. असे डोह आपल्या सह्याद्रीत बरेच आहेत. तिथे गळ न टाकणं हे वेगळं सांगायला नको.

उत्तम काळ ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मग फेब्रुवारी-मार्च. एप्रिल-मेमध्ये जायचंच असेल तर पहाटे जा आणि उन्हं चढायच्या आत आवरा. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, दमलेला मासा पोहत गेला असं वाटतं आणि तासाभराने उलटा तरंगतो.

जूनपासून पूर्ण बंद. पहिल्या मोठ्या पावसात मासे अंडी घालायला ओढ्याने, शेताच्या बांधावरून वर चढतात. काही भागांत याला वळगण म्हणतात, इतरत्र चढणीचे मासे. ती चढणारी प्रत्येक मादी अंड्यांनी भरलेली असते. ज्यांच्या घरात वळगणीचे मासे ही वर्षातली एक मेजवानी आहे त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण हौसेने काठी घेऊन शहरातून जाणाऱ्याने त्या दिवसांत तिकडे फिरकू नये. मरळीचंही तसंच. पाण्यावर बारक्या लालसर पिल्लांचा गोळा वरखाली होताना दिसला की खाली आई-बाप राखण करत असतात. जे जवळ येईल त्यावर ते तुटून पडतात, म्हणून तिथे माशी टाकली की मरळ हमखास लागते. तिला पकडली की इतर मासे दहा मिनिटांत ती पिल्लं फस्त करतात. त्या गोळ्यावर कधीही टाकू नका.

काठी, दोर आणि माशी

एकच काठी घ्यायची तर नऊ फुटी फाइव्ह-वेट किंवा सिक्स-वेट घ्या (वेटचा आकडा जितका मोठा तितकी काठी आणि दोर दमदार). आपल्या नद्यांना पुरते. मोठ्या महाशीरसाठी एट-वेट लागते, पण पहिल्या वर्षी त्याचा विचार करू नका. दोर तरंगणारा, पुढच्या बाजूला जड होत जाणारा. त्याला नऊ फुटांचा लीडर, म्हणजे निमुळता होत जाणारा पारदर्शक धागा, आणि शेवटी माशी बांधायला दोन फूट बारीक धागा, फोर-एक्स टिपेट. खडकाळ जागी त्याहून जाड थ्री-एक्स.

उगाच बारीक दोर लावून मासा बराच वेळ खेळवत राहणं मला पटत नाही. जितका लवकर काठाला आला तितका तो जगण्याची शक्यता जास्त.

माश्यांनी डबा भरू नका. काळी आणि शेवाळी वुली बगर, म्हणजे पाण्याखाली ओढायची केसाळ माशी, आठ ते बारा नंबरच्या गळावर, एवढ्यावर अर्धा मोसम निघतो. गवत काठाला झुकलेलं असेल तिथे फोमचा नाकतोडा. उंबर नाहीतर जांभूळ डोहावर ओणवं झालेलं असेल तर फळाच्या रंगाची आणि आकाराची फोमची गोळी. पडलेलं उंबर खायला महाशीर झाडाखाली येऊन थांबतात, आणि ‘टुप्’ असा आवाज करून पडलेल्या गोळीवर ते ज्या ताकदीने येतात ते एकदा पाहिलं की विसरता येत नाही. धारेत उड्या मारणाऱ्या बोटभर चकचकीत माशांसाठी सोळा नंबरची, आणखी बारीक, कोरडी (पाण्यावर तरंगणारी) माशी चालते, पण दोन-तीन पाहून त्यांना सोडून द्या.

प्रत्येक गळाच्या टोकामागचा उलटा दात पकडीने दाबून सपाट करा. घरीच करा, पाण्यावर गेल्यावर राहून जातं. दोर ताठ ठेवला तर दात नसलेल्या गळातून मासा निसटत नाही. आणि जिवंत आमिष कधीही नेऊ नका. एका ओढ्यातली बारकी मासळी बादलीत घेऊन दुसऱ्या धरणावर जायचं म्हणजे परके मासे स्वतःच्या हाताने पोचवायचे.

फेक

गोफण फिरवल्यासारखी काठी गरगर फिरवायची नाही, ही पहिली गोष्ट. कोपर बरगडीशी, मनगट घट्ट. काठी मागे न्या आणि थांबा. त्या थांबण्यातच सगळं आहे. दोर मागे सरळ होईपर्यंत थांबा, काठीच्या टोकाला हलकी ओढ जाणवते, मगच पुढे आणा आणि पुन्हा थांबा. मैदानावर माशीच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून रोज पंधरा मिनिटं आठवडाभर केलं तर नदीवर पहिल्या दिवशी कान फाटत नाही. गॉगल आणि टोपी मात्र तरीही हवी.

आपल्या नद्यांना मागे करंज, वाळुंज, कारवी असं काहीतरी असतंच, त्यामुळे रोल कास्ट आधी शिका. दोर पाण्यावरच ठेवून काठी हळूहळू कानामागे आणायची, दोराचा पोटासारखा झोळ काठीमागे लोंबू द्यायचा आणि एका झटक्यात पुढे करायचं. वीस-पंचवीस फूट दोर जातो. ओढ्यावर त्याहून जास्त लागत नाही.

आणि फेकायच्या आधी पाच मिनिटं गप्प बसून पाणी बघा. खळखळत्या धारेचा जोर जिथे डोहात विरतो त्या शिवेवर मासा प्रवाहाकडे तोंड करून खाण्याची वाट बघतो. चिलापी तिथे नसते. ती काठाच्या उथळ, संथ, कोमट पाण्यात असते. तळाच्या गाळात परातीएवढे गोल खळगे ओळीने दिसले की ती तिची घरटी. प्रत्येक खळग्यावर एक नर राखण करतो. शेवाळी बगर खळग्यापलीकडे टाकून हळू ओढत मधून न्या, बहुतेकदा चिडून धरतो. नव्या माणसाने सराव इथेच करावा, असं माझं मत आहे. हात बसतो, आणि देशी माशाला त्रास होत नाही.

मासा लागल्यावर

देशी असेल तर काय करायचं ते त्या मुलाने दाखवलंच. दोन गोष्टी जोडतो. धारेत सोडताना तोंड प्रवाहाकडे हवं, आणि मासा पुढे-मागे हलवायचा नाही, नुसता आधार द्यायचा. फोटोसाठी बाहेर काढायचाच असेल तर आधी श्वास रोखून धरा. तुम्हाला श्वास घ्यावासा वाटला की मासा पाण्यात गेलेला हवा. वाळूवर, गवतावर, तापल्या खडकावर ठेवू नका, अंगावरचा चिकट थर गेला की त्याला बुरशी धरते. जाळी रबराची घ्या, सुती गाठींची नको.

परका असेल तर तो पाण्यात परत जाणार नाही. म्हणजे काठावर तडफडत फेकून द्यायचा असं नाही. तो इथे आला यात त्याचा दोष नाही. छोटा सोटा जवळ ठेवा, डोळ्यांच्या जरा मागे, डोक्यावर एक जोरदार घाव, की संपलं. वरच्या स्वच्छ पाण्यातली चिलापी खायला चांगली असते. मच्छीमार संस्थेच्या पाण्यात असाल तर मासा त्यांना द्या किंवा विचारून ठेवा. मांगूर आणि सकर नेऊन टाकीत किंवा विहिरीत ‘गंमत म्हणून’ ठेवू नका.

चिलापीच्या मादीबद्दल एका तात्यांकडून शिकलो ते सांगतो. ते भीमेच्या बॅकवॉटरला जाळं लावतात. एकदा त्यांच्या होडीत बसून मी एक मादी जाळ्यातून सोडवत होतो, होडीच्या बाहेर, पाण्यावर हात धरून. तात्या ओरडले, “अवो, पाण्यावर धरू नगा! आत धरा, आत!” मी हात आत घेतला, तोवर तिने तोंड उघडलं होतं. मोहरीपेक्षा जरा मोठी, डोळे असलेली पिल्लं तिच्या तोंडातून माझ्या बोटांवरून ओघळत होती. निम्मी होडीत पडली, निम्मी पाण्यात गेली. तात्या म्हणाले, “ती समदं बिऱ्हाड तोंडात घेऊन फिरती. आई मेली तरी पोरं जगत्यात.” अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळत असल्यानेच हा मासा इतका झपाट्याने वाढतो. गलफडाखालची कातडी फुगलेली दिसली तर ती मादी आधी बादलीवर घ्या, मग गळ किंवा जाळं सोडवा.

हेही खरं की काठीने चिलापी संपत नाही. जिथे सांडपाण्याने प्राणवायू संपलाय, जिथे धार अडवून डबकं झालंय, तिथे चिलापी आणि मांगूर टिकणार आणि बाकीचे मरणार. खडे-गोट्यांची वाहती धार, काठाला उंबर-वाळुंजाची सावली आणि स्वच्छ पाणी असेल तर आपले मासे स्वतःची जागा राखतात. म्हणून तुमच्या ओढ्यात कुणी राडारोडा टाकत असेल, घाण पाण्याचा पाइप सोडत असेल तर त्याची तक्रार हे माशांचंच काम आहे. सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारणं १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. असं दिसलं तर स्वतः भांडायला जाऊ नका, लांबून फोटो घ्या आणि पोलिसांना कळवा.

बूट, बादली आणि घरातली टाकी

एका पाण्यावरून दुसऱ्या पाण्यावर त्याच दिवशी जाऊ नका. बूट, जाळी, दोर तिथेच काठावर झटका, चिखल खरवडून काढा, जलपर्णीचा तुकडा कुठे अडकलाय का बघा. घरी साबणाच्या पाण्याने धुवा आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवा. पुण्याच्या उन्हाला यासाठी पैसे पडत नाहीत. तळव्याला नमदा (दाबलेली लोकर) असलेले बूट ओल धरून ठेवतात, ते घेऊच नका, रबरी तळ घ्या.

टाकीतल्या माशांचं जास्त मनाला लागतं, कारण तिथे लोक प्रेमापोटी चुकतात. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने घर बदलताना गोल्डफिश आणि दोन सकर मुठेत सोडले. मुलांनी हात जोडून निरोप दिला. त्यांना कोण काय बोलणार? मासा नको झाला तर दुकानदाराला परत द्या, बरेच जण घेतात. शाळेला, सोसायटीला, दुसऱ्या हौशी माणसाला विचारा. आजारी, न जगणारा मासा असेल तर टाकीच्या थोड्या पाण्यात लवंगेचं तेल नीट घोळवून घाला. मासा गुंगतो आणि झोपेत जातो, हालचाल थांबल्यावरही बराच वेळ तसाच राहू द्या. पुण्य म्हणून बाजारातले जिवंत मासे विकत घेऊन नदीत सोडण्याची पद्धतही थांबायला हवी. ते पैसे गावच्या ओढ्याकाठी उंबर लावायला द्या.

हौदात डास होतात म्हणून गप्पी आणणार असाल तर हौद बंदिस्त आहे ना, पावसात वाहून ओढ्याला मिळत नाही ना, एवढं बघा. शंका असेल तर हौद झाका किंवा आठवड्यातून एकदा कोरडा करा, मासा लागतच नाही.

वही

प्रत्येक फेरीनंतर लिहा: तारीख, नदी, जवळचं गाव, पाणी निवळ की गढूळ, कोणता मासा, किती लांब, सोडला की ठेवला. फोटो कडेने, सगळे पर उघडलेले, शेजारी पट्टी किंवा निदान पेन. हे फोटो आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर टाका, ठिकाण मात्र देशी दुर्मीळ माशासाठी ढोबळ ठेवा. अनोळखी मासा मिळाला तर आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. फ्रेझर आणि सूटर यांनी तेव्हा लिहून ठेवलं म्हणूनच आज काय गेलं ते आपल्याला कळतं.

तो पानशेतचा मुलगा आता स्वतःची वही ठेवतो. मार्चमध्ये त्याने मला एका पानाचा फोटो पाठवला. सात चिलापी, सातही ठेवल्या, संस्थेच्या माणसाला दिल्या. त्याखाली एक ओळ: ‘खवले २६, पर आखूड, मिश्या चार. सोडला.’

मे संपला की दोर रिळावरून पूर्ण उतरवा, कोमट साबणाच्या पाण्यातून काढा, फडक्याने पुसत सैल वेटोळी करून सावलीत टांगून ठेवा. रिळावर घट्ट राहिला तर ऑक्टोबरात त्याला गुंडाळीचा पीळ पडलेला असतो आणि पहिल्या दिवशी माशी सरळ पडत नाही.